पोस्टकार्डावर मावणारे देश

या महिन्यात एकवीस पत्रं आली, त्यातली अकरा व्हॉट्सॲपवर. व्हॉट्सॲपवाल्यांवर राग नाही, पण पाकिटातून आलेल्यांना उत्तर आधी. टपाल खात्यात बत्तीस वर्षं सॉर्टिंगला काढलेल्या बाईकडून दुसरी अपेक्षा ठेवू नका. नव्यानं वाचायला लागलेल्यांसाठी सांगते, हे सदर छोट्या देशांचं आहे. अमेरिका, चीन, रशियावर बोलायला आपल्याकडं प्रत्येक चहाच्या गाड्यावर एक तज्ज्ञ उभा असतो, त्यांच्या पोटावर मी पाय देत नाही.

प्रश्न : काकू, मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. राजधानी, चलन, लोकसंख्या सगळं पाठ करते, पण पंधरा दिवसांत छोटे देश एकमेकांत मिसळतात. काय करू? आणि ‘विकसनशील’ आणि ‘अल्पविकसित’ यांत नक्की फरक काय? (एक विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : मिसळणारच गं पोरी. सॉर्टिंगला लाकडी खणांची मोठी चौकट असते, प्रत्येक खणावर गावाचं नाव. नवा माणूस नावं पाठ करतो आणि तरी पाकीट भलत्याच खणात टाकतो. जुन्याला नाव नाही, गाडी पाठ असते. ही थैली कुठल्या गाडीनं निघते, कुठं उतरते, पुढं कोण उचलतं. देशाचं तसंच आहे. राजधानी म्हणजे खणावरची चिठ्ठी. त्या देशातून काय बाहेर जातं आणि ते कोण घेतं, एवढं कळलं की देश विसरत नाही.

मी प्रत्येक देशाला एक पोस्टकार्ड देते. त्यावर पाच ओळी. कुठं आहे आणि शेजारी कोण. केवढा आणि माणसं किती. विकतो काय. विकतो कोणाला. आणि शेवटचा शब्द कोणाचा, राजाचा, संसदेचा, लष्कराचा की बाहेरच्या कुणाचा. राजधानी जाते पत्त्याच्या जागी. चलनाला वेगळी ओळ देत नाही, कारण लहान देशाचं चलन बहुतेक वेळा चौथ्या ओळीतच सापडतं. भूतानचं ङुल्त्रुम आपल्या रुपयाशी बरोबरीनं बांधलेलं आहे, लेसोथोचं लोती दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी, केप व्हर्देचं एस्कुदो युरोशी. नाउरूनं तर स्वतःचं चलन ठेवलंच नाही, ऑस्ट्रेलियाचा डॉलर वापरतात.

आता दुसरा प्रश्न. ‘विकसनशील’ हा सैल शब्द आहे. जागतिक व्यापार संघटनेत देश स्वतःच हात वर करून सांगतो, मी विकसनशील. ‘अल्पविकसित’ ही मात्र संयुक्त राष्ट्रांची पक्की यादी, १९७१ पासूनची. तीन कसोट्या लावतात : दरडोई उत्पन्न, लोकांचं आरोग्य आणि शिक्षण, आणि धक्का बसला तर अर्थव्यवस्था किती हलते. दर तीन वर्षांनी तपासणी होते. २०२४ अखेरपर्यंत बाहेर पडलेले देश आठच. बोत्स्वाना १९९४ मध्ये, मग केप व्हर्दे, मालदीव, सामोआ, इक्वेटोरियल गिनी, व्हानुआतू, भूतान आणि डिसेंबर २०२४ मध्ये साओ तोमे आणि प्रिन्सिपे. त्यानंतर यादीत ४४ उरले. बाहेर पडणं मानाचं खरं, पण आपल्याकडं पिवळं रेशनकार्ड केशरी झालं की घरात जी कुजबुज सुरू होते, तीच तिथंही होते. स्वस्त कर्ज, करमाफीची निर्यात, हे हळूहळू बंद होतं ना!

प्रश्न : केप व्हर्दे फुटबॉलच्या वर्ल्ड कपला पात्र ठरला. आमच्या तालमीत पैज लागली आहे की हा देश कोल्हापूरपेक्षा लहान आहे. खरं काय ते छापा, पैजेत मिसळ आहे. (एक खेळाडू, गुडघा गेल्यापासून फक्त प्रेक्षक, शिवाजी पेठ)

उत्तर : मिसळ दोघांत वाटून खा. कोल्हापूर शहर २०११ च्या जनगणनेत ५ लाख ४९ हजारांचं होतं. केप व्हर्देची माणसं आज पाच लाखांच्या आसपास, म्हणजे माणसांनी तो देश आपल्या शहराएवढाच. जमीन मात्र ४,०३३ चौरस किलोमीटर, कोल्हापूर जिल्ह्याच्या (७,६८५) निम्म्याहून थोडी जास्त. १३ ऑक्टोबर २०२५ ला त्यांनी आपल्या राजधानीत, प्रायामध्ये, एस्वातिनीला ३-० हरवलं आणि गटात कॅमेरूनसारख्या मातब्बराला मागं टाकलं. पुढच्याच महिन्यात कुरासाव त्याहूनही लहान म्हणून पात्र ठरलं, पण तो स्वतंत्र देश नव्हे, नेदरलँड्सच्या राज्याचा भाग आहे. पैज पुन्हा लागली तर हा मुद्दा हाताशी ठेवा.

आता पोस्टकार्ड. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून साधारण सहाशे किलोमीटर आत, अटलांटिकमध्ये दहा बेटं. नऊंवर वस्ती. नावाचा अर्थ हिरवं भूशिर, पण ते भूशिर समोर सेनेगलात आहे. बेटं बहुतेक उघडीबोडकी, पाऊस नावाला. १९४० च्या दशकातल्या दुष्काळांत तिथं हजारोंनी माणसं उपासमारीनं गेली. अजूनही प्यायचं पाणी बरंचसं समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळतं. एका बेटाचं नावच ‘साल’, म्हणजे मीठ. पूर्वी तिथून मीठ जायचं, आता युरोपातली माणसं ऊन खायला येतात. देशाच्या उत्पन्नाचा साधारण चौथा हिस्सा या पाहुण्यांकडून येतो.

तिसऱ्या ओळीत मी मात्र ‘माणसं’ लिहिलंय. हा देश माणसं पाठवतो. एकोणिसाव्या शतकात व्हेल मारणारी अमेरिकी जहाजं इथं थांबून खलाशी भरून न्यायची, तिथपासून ही वाट पडली. आज केप व्हर्दे मुळाची जेवढी माणसं देशात राहतात, त्याहून जास्त बाहेर आहेत. पोर्तुगाल, नेदरलँड्स, फ्रान्स, अमेरिकेत बॉस्टनच्या बाजूला. त्यांनी घरी धाडलेल्या पैशावर चुली पेटतात, आणि देशानं त्याची जाणीवही ठेवली आहे : ७२ जणांच्या संसदेत सहा जागा परदेशस्थांनी निवडून द्यायच्या. आपल्याकडं मुंबईकर चाकरमानी गावच्या जत्रेचा खर्च उचलतो आणि मतदानाला मात्र गाडी करून यावं लागतं. यांनी त्याची सोय बसल्या जागी केली.

फुटबॉलचा संघही त्याच वाटेनं जमला. रोबेर्तो लोपेस हा बचावपटू जन्मला डब्लिनमध्ये, वडील केप व्हर्देचे. त्याला राष्ट्रीय संघाचं बोलावणं आलं लिंक्डइनवर, पोर्तुगीज भाषेत. गड्यानं फालतू मेसेज समजून ठेवून दिलं आणि कित्येक महिने उत्तरच दिलं नाही. रजिस्टर पोस्टानं पाठवलं असतं तर सही घेऊनच हातात दिलं असतं, एवढंच मी म्हणेन.

पाचवी ओळ : ५ जुलै १९७५ पर्यंत पोर्तुगालचं राज्य. लढ्याचा नेता आमिल्कार काब्राल, त्याचा १९७३ मध्ये खून झाला, स्वातंत्र्य बघायला तो राहिला नाही. गिनी-बिसाऊ आणि केप व्हर्दे एकत्र राहावेत हे त्याचं स्वप्न १९८० मध्ये बिसाऊत लष्करी उठाव झाल्यावर मोडलं. १९९१ मध्ये पहिल्या बहुपक्षीय निवडणुकीत सत्ताधारी पक्ष हरला आणि निमूट घरी गेला. तेव्हापासून सत्ता मतानं बदलते. त्या बाजूच्या आफ्रिकेत ही गोष्ट मिसळीच्या पैजेपेक्षा मोठी आहे.

एक दुरुस्ती : मागच्या अंकात मी डोमिनिकाची राजधानी सांतो दोमिंगो लिहिली. गारगोटीच्या एका वाचकानं कान धरला, बरं केलं. डोमिनिका वेगळा आणि डोमिनिकन रिपब्लिक वेगळा. पहिला कॅरिबियनमधला ७५० चौरस किलोमीटरचा डोंगराळ टिकला, माणसं सत्तर हजारांच्या घरात, राजधानी रोझो, भाषा इंग्रजी, झेंड्यावर पोपट. दुसरा एक कोटीहून जास्त माणसांचा, स्पॅनिश बोलणारा, हैतीच्या शेजारचा.

आणि लाज अशी की ही चूक मी आयुष्यात दुसऱ्यांदा केली. काउंटरवर बदली ड्यूटीला असताना एक गृहस्थ लग्नपत्रिका घेऊन आले. पुतण्या डोमिनिकाला डॉक्टरकी शिकायला, पाकिटावर देशाचं नाव लिहायचं राहिलेलं. मी मोठ्या तोऱ्यात माझ्या पेननं ‘डोमिनिकन रिपब्लिक’ लिहून दिलं. पत्रिका हिंडून हिंडून परत आली तेव्हा पाकिटावर चार शिक्के, त्यातले दोन स्पॅनिश, आणि गृहस्थ ती दाखवायला आले ते पेढे घेऊन. नातीचं बारसं होतं. मी पेढा खाल्ला, पण तो काही गोड लागला नाही. तरी लेखणी पुन्हा तिथंच घसरली. म्हणून सांगते, पोस्टकार्डावर पहिली ओळ शेजाऱ्याची ठेवा.

प्रश्न : मॉरिशसनं उसावर देश उभा केला म्हणतात. आम्ही उसावर घर उभं करता करता म्हातारे झालो. त्यांनी वेगळं काय केलं? (ऊस उत्पादक, शिरोळ तालुका)

उत्तर : दादा, उसावर देश उभा केला हे अर्धं खरं. उसाचा पैसा पुन्हा सगळा उसात घातला नाही, हे राहिलेलं अर्धं.

मॉरिशस २,०४० चौरस किलोमीटरचा, आपल्या जिल्ह्याच्या पाव भागाहून थोडा मोठा. माणसं साडेबारा लाखांच्या आसपास. मूळची वस्ती नव्हतीच. डच आले, फ्रेंच आले, मग इंग्रज. गुलामगिरी बंद होत आली तशी उसाच्या फडात राबायला १८३४ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिया, म्हणजे करारानं बांधलेले, मजूर नेले. भोजपुरी, तमिळ, तेलुगू, आणि आपल्या कोकणातलेही. त्यांचे वंशज आज घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली बोली, बोलतात, पण मराठी मंडळं टिकून आहेत आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते.

१९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा निर्यात म्हणजे साखर, दुसरं जवळजवळ काही नाही. जेम्स मीड नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं, ज्याला पुढं नोबेल मिळालं, १९६१ च्या अहवालात या बेटाचं भवितव्य काळंकुट्ट रंगवलं होतं. माणसं वाढणार, जमीन वाढणार नाही, पीक एकच आणि त्यात वादळं. हिशेब चुकीचा नव्हता.

मग दोन गोष्टी झाल्या. १९७५ मध्ये युरोपाशी साखरेचा करार झाला : दरवर्षी पाच लाख टनांच्या आसपास साखर ठरलेल्या दरानं घ्यायची, आणि तो दर बहुतेक वर्षं जागतिक बाजाराच्या कितीतरी वर. आपल्याकडं कारखान्यानं शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची असते ना, तशी इथं युरोपानं देशाला एफआरपी दिली म्हणा. आणि बिल थकलं नाही! दुसरी गोष्ट त्याआधीच, १९७० मध्ये केलेली : निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना करसवलतीचा कायदा. साखरेच्या निर्यातीवर सरकारनं कर बसवला, बागायतदारांनीही नफ्यातला पैसा शिवणकामाच्या कारखान्यांत आणि हॉटेलांत घातला. लोकरी स्वेटर विणणाऱ्या बायका घरोघरी पगार घेऊन यायला लागल्या. ज्या बेटावर मेंढी औषधाला नाही, तिथून स्वेटर युरोपात जायचे.

२००६ पासून युरोपानं साखरेचा दर उतरवला, एकूण ३६ टक्क्यांनी, आणि २००९ मध्ये जुना करार संपला. तेव्हा त्यांनी लहान कारखाने मिटवून थोडेच मोठे ठेवले, कच्च्या साखरेऐवजी पांढरी आणि खास प्रकारची तपकिरी साखर विकायला घेतली, चिपाडावर वीज काढून सरकारी ग्रिडला दिली. हे शेवटचं आपल्याकडंही चालतं, सांगायला नको. त्यात आणखी एक उद्योग केला, ज्याचं कौतुक मी करणार नाही : १९८२ च्या भारत-मॉरिशस कर करारामुळं कुठकुठला पैसा मॉरिशसचा शिक्का मारून आपल्याकडं यायचा आणि नफ्यावर कर चुकवून जायचा. २०१६ मध्ये तो करार बदलला.

राजकारणात मात्र शिकण्यासारखं आहे. सैन्य नाही, पोलीस दलावर भागवतात. संसदेत ६२ जण निवडून येतात आणि एखाद्या समाजाचे फारच कमी आले तर हरलेल्यांमधले त्यातल्या त्यात जास्त मतं मिळवणारे आठजणांपर्यंत आत घेतात. पडलेल्या उमेदवाराला अशी सोय आपल्याकडं निघाली तर काय होईल, याचा विचार मी तरी रात्री झोपण्यापूर्वी करत नाही.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर : त्यांना खात्रीचं गिऱ्हाईक मिळालं, आणि ते गिऱ्हाईक एक दिवस जाणार हे धरून ते वागले. फडातल्या मजुराला आणि लहान शेतकऱ्याला त्यात किती मिळालं हे तिथंही भांडणाचंच आहे. मोठ्या जमिनी अजूनही थोड्या जुन्या फ्रेंच वंशाच्या घराण्यांकडं आहेत.

प्रश्न : भूतान आपल्यातच येतं का? (नातवाचा प्रश्न, अक्षर आजोबांचं, कसबा बावडा)

उत्तर : नाही रे बाळा. वेगळा देश, वेगळा राजा, २००८ पासून निवडून आलेलं सरकारही. १९४९ च्या करारात परराष्ट्र धोरणाबाबत भारताचा सल्ला मानायचं कलम होतं, ते २००७ च्या नव्या करारात काढलं. नदीच्या पाण्यावर वीज करतात आणि आपल्याला विकतात, त्यातली मोठी धरणं आपल्याच पैशानं बांधलेली. राज्यघटनेतच लिहिलंय की साठ टक्के जमिनीवर जंगल राहिलंच पाहिजे. आणि आजोबांना विचार, ग्रामोफोन आठवतो का? १९७२ मध्ये भूताननं चक्क रेकॉर्डच्या आकाराची, रेकॉर्डसारखी वाजणारी पोस्टाची तिकिटं काढली होती. लावली की भूतानची गाणी ऐकू यायची. पाकिटावर कोण चिकटवत होतं देव जाणे, जगभरच्या संग्राहकांनी मात्र घेतली आणि देशाला परकीय चलन मिळालं.

प्रश्न : लेसोथोला चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिका आहे. असा देश स्वतंत्र कसा राहतो? राहून उपयोग काय? (निवृत्त तलाठी, कागल)

उत्तर : कागलकरांनी हे विचारावं! तुमचं कागल एकेकाळी कोल्हापूर संस्थानातली जहागीर, संस्थानाच्या भोवती ब्रिटिश मुलूख, मध्ये सांगली-मिरज-कुरुंदवाडच्या तुकड्या. नकाशा बघितला तर गोधडी. आपलं संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. लेसोथो झालं नाही, एवढाच फरक.

कारण इतिहासात आहे. मोशूशू नावाच्या राजानं ठाबा बोसिऊ नावाच्या, माथा सपाट आणि कडे तुटलेल्या डोंगरावर ठाणं केलं. पन्हाळा डोळ्यांसमोर आणा. बोअर लोकांना, म्हणजे तिथं वसलेल्या डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांना, तो गड कधी घेता आला नाही, पण खालची सुपीक जमीन त्यांनी बरीच गिळली. मग १८६८ मध्ये त्यानं ब्रिटिशांचं संरक्षण घेतलं. त्यामुळं पुढं दक्षिण आफ्रिका एक झाली तेव्हा हा भाग बाहेर राहिला आणि वर्णभेदाच्या राजवटीतूनही वाचला. ४ ऑक्टोबर १९६६ ला स्वातंत्र्य. आज ३०,३५५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या चौपट, माणसं तेवीस लाखांच्या आसपास, राजधानी मासेरू. राजे लेत्सिए तिसरे नामधारी, कारभार संसदेचा, तिच्या खालच्या सभागृहात १२० जण. आणखी एक : सगळा देश उंचावर. सर्वांत खालची जागाच समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरवर. आपलं महाबळेश्वर तिथल्या तळघरात बसेल.

विकतात काय? पाणी. हे ऐकून मी कार्ड दोनदा तपासलं होतं. १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी करार झाला. कात्से नावाचं १८५ मीटर उंच धरण बांधलं, तिथून डोंगराच्या पोटातून साधारण ४५ किलोमीटरचा बोगदा काढला. वाटेत थोडी वीज काढून पाणी पुढं जोहान्सबर्गकडच्या कारखान्यांना आणि घरांना जातं. १९९८ पासून ते विकत आहेत. काळम्मावाडीहून थेट पाईपलाईनचं पाणी येईपर्यंत आपले डोळे पांढरे झाले, त्या मानानं हे काम पाहा. लेसोथोतल्या कितीतरी डोंगरी वाड्यांत मात्र बायका अजून झऱ्यावर घागर भरतात. धरणाचं पाणी खाली, वाडी वर. राधानगरीच्या धरणग्रस्तांना हे वेगळं सांगायला नको.

आता ‘उपयोग काय’चं उत्तर. सप्टेंबर १९९८ मध्ये मासेरूत राजकीय गोंधळ झाला तेव्हा शेजाऱ्याचं सैन्य आत आलं, आणि राजधानीबरोबरच ते गेलं कुठं, तर कात्से धरणावर. तिथं लेसोथोचे सैनिक मारले गेले. म्हणजे शेवटचा शब्द कोणाचा, ते लिहून ठेवा. दुसऱ्या बाजूनं पाहा : एका मोठ्या देशाचा प्रांत असता तर पाणी फुकट गेलं असतं, आज त्याचं बिल होतं. करात वाटा मिळतो, कारण पाच देशांची मिळून एक जकात आहे. स्वतःच्या नावानं अमेरिकेशी व्यापार होतो. तिथल्या शिवणकारखान्यांतल्या जीन्स अमेरिकेत विनाजकात जायच्या, हजारो बायकांची पोटं त्यावर. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प भर संसदेत म्हणाले की लेसोथोचं नाव कुणी ऐकलेलं नाही, आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी त्याच लेसोथोवर ५० टक्के आयातकर जाहीर केला. सगळ्या जगात सर्वांत जास्त दरांपैकी एक! ऑगस्टमध्ये तो १५ वर आणला, पण मधल्या काळात ऑर्डरी गेल्या त्या गेल्या. ज्याचं नाव ऐकलं नाही त्याला एवढं मोठं बिल पाठवायचं, हे आमच्या खात्यात ‘अपुरा पत्ता’ म्हणून परत आलं असतं.

प्रश्न : राजधानी नसलेला देश कोणता? (सातवीतली मुलगी, जयसिंगपूर)

उत्तर : नाउरू. पॅसिफिकमधलं २१ चौरस किलोमीटरचं एकच बेट. कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीचा तिसरा हिस्सा धर. सरकारी कचेऱ्या यारेन नावाच्या भागात आहेत, पण अधिकृत राजधानी नाही. माणसं बारा हजार. तुझ्या बाबांना विचार, शेतात फॉस्फेट घालतात ना? ते या बेटाच्या पोटात होतं. १९६८ मध्ये स्वतंत्र झाल्यावर खाणीचा पैसा एवढा आला की दरडोई उत्पन्नात जगातल्या श्रीमंतांत गणना. मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत बांधली, स्वतःची विमानं घेतली, लंडनमध्ये एका संगीत नाटकात पैसा घातला आणि ते आपटलं. फॉस्फेट संपत आलं, इमारत विकली. बेटाच्या मधला मोठा भाग खणून दातेरी खडक राहिलाय, माणसं काठाकाठानं राहतात. २००१ पासून ऑस्ट्रेलियानं आपल्याकडं बोटीनं आलेले, आश्रय मागणारे लोक तिथं ठेवायचे आणि त्याचे पैसे द्यायचे. आता तिसऱ्या ओळीत काय लिहायचं ते तू ठरव. मी ‘जागा’ लिहिलंय, आणि खाली बारीक अक्षरात ‘मत’. संयुक्त राष्ट्रांत भारताला एक मत, नाउरूलाही एकच. ते तैवानला मान्यता देत होते, जानेवारी २०२४ मध्ये चीनकडं वळले.

प्रश्न : मी शिक्षक, निवडणुकीची ड्यूटी नेमानं येते. मतपेटी पाहिली, मशीन पाहिलं. तिसरा काही प्रकार जगात आहे का? (गडहिंग्लज)

उत्तर : आहे, सर. गोट्या.

गाम्बिया हा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा देश, नदीच्या दोन्ही काठांची चिंचोळी पट्टी. समुद्राची बाजू सोडली तर सगळीकडून सेनेगल. माणसं साधारण चोवीस लाख, राजधानी बांजुल. विकतात भुईमूग, आणि युरोपातल्या पाहुण्यांना हिवाळ्यातलं ऊन. १९६५ मध्ये ब्रिटिश गेले, पण त्यांनी लावून दिलेली एक पद्धत राहिली. लोकांना वाचता येत नव्हतं, मग चिठ्ठी कशाला?

मतदार आत येतो. बोटाला शाई लागते, हातात काचेची एक गोटी मिळते. आडोशाला उमेदवारागणिक एक पत्र्याचं पिंप, त्या त्या पक्षाच्या रंगात रंगवलेलं, वर फोटो. पिंपाच्या डोक्यावर नळी. गोटी नळीत सोडली की आत बसवलेल्या घंटेवर आदळते आणि टण्ण होतं. तळाला वाळू किंवा भुसा पसरलेला असतो, म्हणजे खाली पडल्यावर दुसरा आवाज नको. बाहेर बसलेला अधिकारी कान देऊन असतो. एक टण्ण म्हणजे एक मत. दोन झाले तर तो खुर्चीतून उठणार. संध्याकाळी गोट्या भोकांच्या पाटीवर ओततात, एका पाटीत दोनशे किंवा पाचशे भोकं. पाटी भरली की मोजणी झाली, बोटं मोडायची गरज नाही.

याला पोरखेळ म्हणू नका. याह्या जामेह १९९४ मध्ये लष्करी उठावानं सत्तेवर आला आणि बावीस वर्षं बसला होता. १ डिसेंबर २०१६ ला याच गोट्यांनी त्याला पाडलं. आधी त्यानं टीव्हीवर हार मानली, आठवड्यानं फिरला, निकाल मान्य नाही म्हणाला. निवडून आलेल्या अदामा बॅरोंना शपथ सेनेगलमध्ये, गाम्बियाच्या वकिलातीत घ्यावी लागली. शेजारी देशांच्या फौजा सीमा ओलांडून आल्या तेव्हा २१ जानेवारी २०१७ ला जामेह विमानात बसला. २०२१ ची अध्यक्षीय निवडणूकही गोट्यांवरच झाली.

तुमच्या ड्यूटीच्या दृष्टीनं एक नियम सांगते. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आसपास सायकली आणू देत नाहीत. घंटीचा आवाज सारखाच येतो.